डावा शिफ्टर

सायकलवाल्याचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते ऐकल्याशिवाय कुठल्याही गिऱ्हाइकाची सुटका नव्हती. वाकड्या हँडलची रेसिंग सायकल घेऊन कुणी आलं, ब्रेकच्या दांडीतच बसवलेला गिअरचा शिफ्टर दाखवून "हा गेला वाटतं" म्हणालं, की सायकलवाला चष्मा कपाळावर चढवायचा आणि सांगायचा, "शिफ्टर बिघडत नाही. हात बिघडतो."

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. लोक चढाच्या मध्यावर येऊन घाबरतात आणि दातओठ खाऊन त्या दांडीवर तुटून पडतात. सायकल भिंतीवर आदळून ठेवतात. आतल्या वायरचे धागे पिंजारले तरी बदलत नाहीत, आणि ती तुटली की नशिबाला बोल लावतात. तुटलेल्या वायरचं टोक बारीक चिमट्याने शिफ्टरच्या पोटातून ओढून काढण्यात सायकलवाल्याचा हातखंडा होता. जिथे बाकीचे दुकानदार "नवीन घ्या" म्हणून मोकळे व्हायचे, तिथे हा शिफ्टर कानाशी धरून एकेक खटका ऐकत बसायचा. त्यावरून लोक त्याला खटकेबुवा म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं, पण चेहऱ्यावर तसं दाखवायचा नाही.

दुकान एकच, पण मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडे तो, पलीकडे त्याची बायको. ती शिवणकाम करायची. जाडेभरडे पडदे कुणीही शिवतं. हिच्याकडे यायचे ते लग्नातले झगे, कोट, हातांनी करायची काजं. तिच्याकडे पांढरं कापड आणि त्याच्याकडे काळे हात, म्हणून एक कायदा होता. मधल्या दाराची मूठ त्याने धरायची नाही. कोपराने दार ठोकायचं, ती उघडेल. संसार जुना झाला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण त्या मुठीवर काळा डाग कधी पडला नाही. आवाजाला मात्र कायदा नव्हता. त्याचं ते वाक्य पलीकडे मशीनवर बसलेल्या बायकोच्या कानावर दिवसातून कितीदा पडायचं, देव जाणे.

रविवारी दोघं सायकलवरून नदीच्या पुलापर्यंत जायची. तिची सायकल त्याने स्वतः जुळवलेली, जुनी पण देखणी. आधी दोघं शेजारी शेजारी जात, सगळ्या जगाला नावं ठेवत. गेली दोनेक वर्षं मात्र ती मागे पडायला लागली होती. तो पुढे जाऊन पुलाच्या कठड्यावर बसायचा, संत्रं सोलायचा, आणि ती धापा टाकत आली की अर्धं तिच्या हातावर ठेवून म्हणायचा, "दम घे, घाई काय आहे?" त्याला तिची काळजी वाटायची, हे खरंच. पण साठीला टेकलो तरी आपल्या पायांत अजून रग आहे, या विचाराने त्याला आतून गुदगुल्याही व्हायच्या. माणूस आहे शेवटी.

एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "अहो, माझी सायकल देऊन टाका कुणाला तरी."

"का गं? रुसलीस?"

"रुसते कशाला? जमत नाही आता. माझा डावा हात गेलाय."

तो हसणार होता, पण तिने मान वर केली नाही, तेव्हा हसू ओठांवरच राहिलं.

"बोटांत जोरच राहिला नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवलं. त्यांना काही सापडेना. वयाने होतं म्हणाले. परवा तो रेशमी झगा आला होता ना, तो मी परत पाठवला. कापड धरलेलं असताना हात दगा देईल आणि नासेल सगळं."

झगा परत पाठवला हे ऐकून मात्र त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोने आयुष्यात रेशमाला नाही म्हटलं नव्हतं.

जेवणानंतर तो दुकानात गेला. सायकल द्यायचीच तर स्वच्छ करून द्यावी म्हणून त्याने ती स्टँडवर चढवली. दर महिन्याला तो तिच्यात हवा भरायचा, चेनला तेल घालायचा, फडका मारायचा, की झालं. गिऱ्हाइकांच्या सायकलींपुढे घरच्या सायकलीला याहून जास्त वेळ कुठून मिळणार! त्याने पेडल फिरवलं आणि सवयीने डावी दांडी आत ढकलली.

दांडी आत गेली आणि परत आली. खटका नाही. पेडलजवळच्या दोन दातेरी चकत्यांपैकी लहान चकतीवरच चेन फिरत राहिली.

त्याने पुन्हा ढकलली. मग अंगठ्याने, मग तळहाताने, मग सगळं वजन टाकून. दांडी रिकामीच जात होती. हा पैलवान असता तरी ती चेन मोठ्या चकतीवर चढली नसती.

सायकलवाला स्टुलावर बसला. थकलेला माणूस चढावर मागे पडतो, हे त्याला कळायला हवं होतं. ही चढावर तर त्याच्या पाठीला लागून यायची, वर बोलतही यायची. मागे पडायची ती सपाटीवर आणि उतारावर, जिथे मोठी चकती लागते. लहान चकतीवर बिचारी शिवणयंत्रासारखे पाय हलवायची आणि तरी अंतर कापलं जायचं नाही. दुसऱ्या कुणाची बायको अशी चालवताना दिसली असती तर त्याने रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं असतं. पण तो पुढे होता ना, संत्रं सोलत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो उठला आणि मूठ धरून मधलं दार उघडलं. ती सोमवारच्या कामाला कापड बेतत होती. मुठीकडे पाहून तिचे डोळे मोठे झाले.

"दांडी रिकामी जाते, हे मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्हीच म्हणता ना," ती म्हणाली, "शिफ्टर बिघडत नाही, हात बिघडतो. रोज तर ऐकते."

सायकलवाल्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लोकांवर मारलेली फुशारकी भिंतीपलीकडे जाऊन आपल्याच माणसाला लागत होती, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. त्याला फार वाईट वाटलं, आणि तसं तो म्हणालाही. "मी मूर्ख आहे," तो म्हणाला. "तुझा हात धडधाकट आहे. इकडे ये."

ती त्याच्या बाजूला आली, स्टूल पुसून बसली. त्याने दांडीवरचं रबर उलटं केलं आणि टॉर्च धरला. आत एवढीशी खिट्टी असते. ती दातेरी चाकात अडकली की खटका होतो. कारखान्यात घातलेलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून डिंक झालं होतं, आणि खिट्टी त्यात चिकटून बसली होती.

"काही मोडलं आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. नुसतं आखडलंय."

तिनेच केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. त्याने आतला भाग कोमट केला, रॉकेलच्या पिचकाऱ्या मारल्या, पिवळट घाण टिपली, पुन्हा पिचकारी मारली. दांडी हलवत राहिला. शेवटी पातळ तेलाचे थेंब सोडले आणि बाजूला सरकला.

"मी नाही. तू ढकल. डाव्या हाताने."

तिने पदराला हात पुसला आणि दांडी ढकलली.

खट्.

चेन उचलली गेली आणि मोठ्या चकतीवर जाऊन बसली. तिने ती खाली आणली, पुन्हा चढवली, पुन्हा खाली आणली. मग आपली बोटं डोळ्यांसमोर धरून एकेक हलवून पाहिलं आणि हसता हसता रडायला लागली.

"झगेवालीला फोन करते," ती नाक ओढत म्हणाली. "दुसरीकडे टाकला नसेल तर बरं. आणि ती मूठ पुसा आधी."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चढावर दोघं नेहमीसारखी बरोबर होती आणि दुकानासमोरच्या नव्या पाटीला नावं ठेवत होती. चढ संपला, पुढे पुलापर्यंत सगळी सपाटी. त्याला शेजारून खटका ऐकू आला. आपण केलेलं काम किती चोख वाजतंय, याचं समाधान त्याने पुरतं करून घेतलं, आणि पाहतो तर बायको पुढे गेलेली. त्याने जोर लावला. अंतर वाढलं. त्याने दातओठ खाऊन जोर लावला. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

तो पुलावर पोचला तेव्हा ती कठड्यावर पाय हलवत बसली होती. संत्रं सोलून झालं होतं.

"दम घ्या," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

तो धापा टाकत उतरला आणि त्याने आपल्या सायकलकडे संशयाने पाहिलं. "माझा उजवा शिफ्टर जरा ओढतोय वाटतं. घरी गेल्यावर बघायला पाहिजे."

तिने डाव्या हाताने अर्धं संत्रं पुढे केलं.

"शिफ्टर बिघडत नाही हो," ती म्हणाली. "पाय बिघडतात."

सायकलवाल्याने संत्रं घेतलं, तिच्या शेजारी बसला आणि खाऊ लागला. गोड होतं.