रोम पडलं तेव्हा मामी

युरोपची अख्खी संस्कृती जबलपूरच्या बाहेर पाऊल न टाकता उभी करणारा आणि पाडणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब! निवृत्त झाल्यावर इतिहासाचे मास्तर नर्मदेवर फिरायला जातात. मामा सिनेमा काढायला कॅमेरा घेऊन गेले. भेडाघाटच्या संगमरवरात त्यांना ग्रीस सापडलं, दीक्षितपुऱ्यात स्वतःच्या गच्चीवर रोम वसलं, आणि घरातल्या झाडून सगळ्या पांढऱ्या चादरी दरबाऱ्यांच्या अंगावर गेल्या. मी स्वतः दोन-तीन शतकं चादर गुंडाळून उभा होतो. सम्राट घमापूरचा किराणावाला. ऐन राज्याभिषेकात तो म्हणाला, "मास्टरजी, दुकान कब तक बंद रखूँ?" मामांनी तेही ठेवलं. म्हणे, सम्राटांना हीच काळजी असते.

त्यांची आणखी एक खोड अशी की, माणसं निघून गेली तरी कॅमेरा बंद करायचे नाहीत. एकदा रिकाम्या सिंहासनावर माकड येऊन बसलं, तेही सिनेमात आहे. मी कुरकुरलो तर म्हणाले, "जावईबापू, माणूस गेल्यावर जागा काय करते, तेच तर पाहून राहिलो मी. इतिहास म्हणजे दुसरं काय असते?" याला प्रायोगिक म्हणतात म्हणे!

सगळ्या राण्या अर्थात मामी. शेवट मात्र त्यांच्यापाशीच अडला. जळतं रोम सोडताना राणीने दारात वळून "जाते मी" म्हणायचं होतं. मामी म्हणाल्या, "येते."

"अगं, रोम परत येत नाही!"

"न येऊ दे. घरातून निघताना 'जाते' कोणी म्हणते काय? मी नाही म्हणणार."

दुपारभर हेच, आणि कॅमेरा चालूच. शेवटी मामा कंटाळले. "चलो, रोम दिवाळीनंतर पाडू."

दिवाळीनंतर मामींनाच दवाखान्यात न्यावं लागलं. ऑटोत बसताना त्या म्हणाल्या, "येते हो. गॅसवर दूध आहे, पाहा." त्या परत आल्या नाहीत. मामांनी सिनेमाचं नाव काढणंही सोडलं. कॅमेऱ्यावर धूळ बसली, आणि हे आता कशावर जगणार, याचाच आम्हाला घोर लागला.

मग गेल्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. खिडक्या लावून भिंतीवर त्याच चादरींपैकी एक टांगली. रोम पडलं. मामी दारात वळल्या, "येते" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पडद्यावर आता नुसतं रिकामं दार, आणि कुठेतरी कुकरची शिट्टी. बराच वेळ काहीच घडेना. सिनेमा संपला असं वाटून सम्राट दिवा लावायला उठला.

"बैठो भैया," दारावरची नजर न काढता मामा म्हणाले, "येते म्हणून गेली ना ती."