तिच्या पिशवीतली ओटी

डोंबिवलीच्या खाडीकडच्या आमच्या गावातून आम्ही चार बाया एकवीरेला चालत गेलो, तेव्हा माझा धाकटा नुकता शाळेत जाऊ लागला होता. पाठीवर घ्यायच्या पिशव्या मी तांदळाच्या गोणींच्या शिवल्या होत्या. त्या अडकवल्यावर आम्ही हमालासारख्या दिसत होतो. बदलापूर मागे पडेपर्यंत सगळ्या त्यावरूनच हसत होत्या.

नवस माझ्या मैत्रिणीचा होता. लग्न होऊन आम्ही दोघी एकाच पावसाळ्याआधी त्या गावात आलो, एकाच विहिरीवर धुणी धुतली. तिचा नवरा काविळीने ठाण्याच्या दवाखान्यात पडून होता. तिला त्याच्या उशाशी बसायचं होतं. पण सासू म्हणाली, पोराजवळ मी बसते, तू अनवाणी जा, आईची ओटी भर, म्हणजे तो उठेल. म्हणून ती निघाली. तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून आम्हीही निघालो.

ती सगळ्यांच्या पुढे चालायची, मी सगळ्यांच्या मागे. आमच्यातली थोरली, जिला आम्ही काकू म्हणायचो, तिला हाका मारून थकायची. "देवी कुठे पळून जात नाय गो, जरा दम खा." खोपोलीहून घाट चढताना वाटेवरच्या खडीने मैत्रिणीच्या टाचा फुटल्या. मी चिंधी बांधायला गेले तर तिने पाय मागे घेतला. अनवाणी म्हणजे अनवाणी, म्हणाली. वर चढून आल्यावर सगळं खोरं खाली दिसलं. आम्ही बघत उभ्या राहिलो. तिने बघितलं नाही, कार्ल्याचा डोंगर कुठल्या अंगाला आहे ते विचारलं.

लोणावळ्याच्या धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी ती मागच्या नळावर अंघोळीला गेली आणि तिचा दीर एसटीने येऊन दारात उभा राहिला. काकूला बाजूला घेऊन त्याने सांगितलं. भाऊ पहाटे गेला होता.

काकू भिंतीला टेकून खाली बसली. मग हळूच म्हणाली, कानावर पडल्याशिवाय सुतक लागत नाही, एवढा एक डोंगर तिला चढू दे, पोरीचा नवस पुरा होऊ दे. तो म्हणाला, मयत ठेवलंय काकू, तोंड बघायला तिला नेलंच पाहिजे. मग दोघांचं ठरलं की नुसतं जास्त झालंय म्हणून सांगायचं. मी तिथेच होते. मला कुणी काही विचारलं नाही.

ती ओल्या केसांनी आली. दिराने ठरलं होतं तसं सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग काकूकडे, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

तिची पिशवी कोपऱ्यात होती. वरच हिरवी साडी, खण आणि नारळ असं ओटीचं सामान फडक्यात बांधलेलं होतं. ती पिशवीपाशी गेली नाही. लांबूनच मला म्हणाली, "बाय, ते तूच काढ. मी हात लावत नाय."

तेव्हा काकूने पदर तोंडाला लावला.

काकू तिच्याबरोबर एसटीत बसली. गाडीचं दार लागेपर्यंत मैत्रिणीने मला एवढंच म्हटलं की तू पुढे जा, अर्ध्यातून ओटी मागे आणू नये.

उरलेल्या आम्ही दोघी डोंगर चढलो. पायऱ्यांवर वाजत गाजत आलेली माणसं होती. त्यांच्यातून ओटी छातीशी धरून मी पुढे सरकत गेले.

गुरवाने विचारलं, कुणाची ओटी? मी मैत्रिणीचं नाव सांगितलं. कुणासाठी बोलली होती? मी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. लग्नात घेतात तसं नीट, आडनावासकट.

ओटी देवीच्या पायाशी ठेवून तो म्हणाला, काय मागायचं ते मनात मागा. मागून रांग ढकलत होती. मी हात जोडून उभी होते, पण मला काही मागता आलं नाही.