टीव्ही आणि म्हशीचा एकच पत्ता

टेलिफोन खात्यात मी तीस वर्षं काढली, ती सगळी आवक-जावक टेबलावर. तारेला हात क्वचितच लागला. पण नातेवाइकांच्या लेखी मी तंत्रज्ञ होतो आणि निवृत्तीनंतर त्यांचा हा समज खोडून काढायचं माझ्या जिवावर येई.

थोरल्या भावाचा कळंब्याहून फोन आला, "गोठ्यात क्यामेरा बसवायचा हाय. म्हस व्यायला झालीया. वायफायचं तू बघ. तू फोनमधी होतास की!"

मी लगेच निघालो.

त्याचा गोठा परसातच, घरापासून वीस पावलांवर. पण भावाला म्हैस कोचावर बसून बघायची होती. वहिनी म्हणाल्या, "मी दिवसातनं धा डाव जातोच की गोठ्यात. क्यामेरा आणि काय येगळं बघणार?" आम्ही दोघांनी तिकडं दुर्लक्ष केलं.

राउटर वायफायची दोन नावं दाखवत होता. एकापुढं पाच, दुसऱ्यापुढं दोन पॉइंट चार. पाच मोठा, म्हणून मी पाच निवडला. कॅमेरा अर्धा तास नुसता लाल डोळा मिचकावत राहिला. मग कॅमेऱ्याच्या खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी दिसलं. ते मी गुपचूप वाचलं आणि भावाला गंभीरपणे सांगितलं, "पाचला वेग जास्त, पण भिंत आली की त्याचा दम जातो. दोन पॉइंट चार सावकाश जातो, पण लांब जातो. शिवाय ह्या कॅमेऱ्याला तेवढाच कळतो." भावानं माझ्याकडं आदरानं बघितलं. तिथंच घात झाला.

पुढं मोबाइलनं विचारलं, आयपी अॅड्रेस 'आपोआप' की 'स्वतः भरा'? घरातलं प्रत्येक यंत्र राउटर एका आकड्यानं ओळखतो, तोच त्या यंत्राचा पत्ता, एवढं मला माहीत होतं. 'आपोआप' निवडणं मला कमीपणाचं वाटलं. मी वायफायवरच चालणाऱ्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथला आकडा कागदावर उतरवला आणि तोच कॅमेऱ्याला दिला. टीव्ही झकास चालतो, म्हणजे आकडा चांगलाच असणार.

मोबाइलवर म्हैस दिसली. भाऊ उठून उभाच राहिला. तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "माझी मालिका बंद पडली!"

मालिका सुरू केली, म्हैस गेली. म्हैस आणली, मालिका गेली. मी राउटर तीनदा बंद-चालू केला. भाऊ मोबाइल खिडकीबाहेर धरून उभा राहिला. शेवटी मी निदान केलं, "लोड येतोय. कंपनीच बोगस हाय."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि कॅमेऱ्याचं माहितीपत्रक उचललं. दोन पानं वाचून त्यांनी विचारलं, "भावजी, ह्यो आकडा कुणी घातला?"

"मी."

"कुठनं आणला?"

"टीव्हीचा हाय."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "एका खुट्याला दोन म्हशी बांधल्या व्हय? मारामारी न्हाय तर काय हुणार! कुणाला कुठला खुटा द्यायचा ते राउटरला ठरवू द्या की. हितं लिवलंय, 'आपोआप' ठेवा म्हणून."

मी 'आपोआप' दाबलं. म्हैस आणि मालिका, दोन्ही सुखानं नांदू लागल्या. लाजेनं मी चहा गरम असतानाच संपवला.

म्हैस तिसऱ्या दिवशी दुपारी व्याली. मी तेव्हा तिथंच होतो. वहिनी गोठ्यात कोपरापर्यंत भरलेल्या, आणि भाऊ कोचावरून मोबाइलकडं बघून ओरडत होता, "उजवीकडनं धर! पाय वड!" मोबाइलवरचं चित्र जरा मागं चालत होतं. त्याच्या सूचना गोठ्यात पोचेपर्यंत तिथं नुकतीच जन्मलेली रेडी उभं राहायची धडपड करत होती.

खरवस खायला आलेल्यांना भावानं माझं नाव सांगितलं, "समदं ह्यानं बसीवलं." वहिनी वाट्या वाटत होत्या. मी मान खाली घालून माझी वाटी पुढं केली.

त्याच आठवड्यात भावाच्या शेजाऱ्यानं वायफायचा प्रिंटर जोडायला मला बोलावलं. मी "येतो की" म्हणालो आणि निघण्याआधी वहिनींना फोन लावला.