सात नंबरच्या टीवरचं ऊन

घाबरलेला माणूस काहीही करून बसतो आणि मग त्याचे किस्से होतात. आमच्या गोल्फ कोर्सवर किस्से इतके साचलेत, कारण आम्ही तिघं बारा महिने घाबरलेले! मी सुपरवायझर, देवाजी माळी आणि निंदणाच्या कौसाबाई. आणि ज्यांना घाबरायचं ते सेक्रेटरी साहेब, निवृत्त फौजी.

भीतीचं मूळ सात नंबरचा टी. टी म्हणजे पहिला फटका मारायचा चौथरा. आमचा सातवा टी जुन्या चिंचेखाली. दिवसभर गच्च सावली, गवत काही टिकत नाही. आणि साहेबांचा हुकूम असा, की चिंचेला कुणी हात लावला तर त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नये.

*

उन्हाळ्यात साहेबांनी प्लास्टिकच्या गवताचा तुकडा आणून आमच्यासमोर टाकला. "थंडीतल्या टूर्नामेंटपर्यंत खरं गवत उभं राहिलं तर ठीक. नाही तर हे मॅट. आणि मॅटला माळी लागत नाही."

देवाजीनं तुकडा उलटापालटा करून पाहिला. भीतभीत विचारलं, "याले पानी किती द्याचं, साहेब?"

"तेच तर सांगतोय!" साहेब म्हणाले.

एरवी मी हसलो असतो. पण कौसाबाईंची मुलगी नर्सिंगला, आणि देवाजीला गवताशिवाय दुसरं काम येत नाही. त्या दिवशी तिघांनाही डबा गेला नाही.

*

साहेबांना आमची एकही गाठ पसंत नव्हती. मांडवाची दोरी असो की पाण्याचा पाइप, आम्ही बांधलेलं ते सोडायचे आणि स्वतः बांधायचे. दोन वेढे आणि वर उलटा फास!

एकदा त्यांनी पाइप असा बांधला की देवाजीला तो सुटेना. अर्धा तास झाला, नखं दुखायला लागली. साहेबांना विचारायची हिंमत कुणाची? शेवटी त्यानं पाइप गाठीसकट वापरला. आठवडाभर पाणी थेंबथेंब येत होतं.

*

मॅटच्या धास्तीनं देवाजी सातव्या टीला दिवसातून तीनदा पाणी द्यायला लागला. सावलीत पाणी वाळतं कुठे? होतं ते गवतही सडलं आणि वर शेवाळ आलं. लांबून मात्र हिरवंगार!

साहेबांनी लांबूनच पाहिलं. "शाबास देवाजी!"

आम्ही ओरडून थांबवायला हवं होतं. पण शाबासकी पहिल्यांदाच मिळत होती हो! साहेब ऐटीत चौथऱ्यावर चढले, घसरले आणि बसले. उचलायला हात द्यावा की न द्यावा, कळेना.

साहेबांनी बसल्या बसल्या बोटानं शेवाळ खरवडलं. "हे गवत नाही," म्हणाले.

*

उपाय काढला कौसाबाईंनी. त्यांचं माहेर नरखेडकडचं, घरी संत्र्याची बाग. "आमच्याकडं फांदी लटकली का टेकू देते, नाही तं दोरीनं बांधते," त्या म्हणाल्या. "तोडाची काहून? पडद्यावानी बाजूले सारा. सकाळचं ऊन खालून येते."

झालं! रोज सकाळी सहाला आम्ही चिंचेच्या लोंबत्या फांद्या दोरीनं ओढून शेजारच्या झाडाला बांधायचो. साहेबांचा राउंड नऊला, त्याआधी सोडायचो. पाणी कमी केलं, गवत कापायच्या मशीनचं पातं थोडं वर घेतलं. पंधरा दिवसांत हिरवी टोकं दिसली. कौसाबाई खाली बसून ती मोजायच्या.

खेळणाऱ्यांची भीती नव्हती, ते खाली बॉलकडेच पाहतात.

*

तरी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांना दोरी दिसलीच. माझा जीव अर्धा झाला. डॉक्टरांनी त्या दोरीवर आपला ओला टॉवेल वाळत घातला आणि पुढे गेले.

पावणेनऊला देवाजीनं घाईघाईत दोरी सोडली. फांदी सपकन वर गेली, दोरी गेली आणि टॉवेलही गेला! तेवढ्यात साहेब हजर.

"हा टॉवेल वर कसा?"

"वाऱ्यानं, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी आजूबाजूच्या झाडांकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

*

टूर्नामेंटच्या आठ दिवस आधी साहेब न सांगता आठलाच आले. सोबत मॅटवाला, आणि दोरी बांधलेलीच!

साहेब वाकले, गवतावरून हात फिरवला. गवत विरळ होतं, पण उभं होतं. मॅटवाला म्हणाला, "सर, यात दम नाही." साहेबांनी मान वर केली. त्यांची नजर दोरीवरून सरकत सरकत शेजारच्या झाडावरच्या गाठीपर्यंत गेली.

देवाजीनं हात जोडले. मी सुपरवायझर, बोलणं माझं काम. पण मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, याची आजही लाज वाटते.

"म्या बांधाले लावली, साहेब," कौसाबाई म्हणाल्या. "झाडाले हात लावला."

साहेब सरळ उभे राहिले. मॅटवाल्याला "चला" म्हणाले आणि गेले. दिवसभर आम्ही बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही, त्यानं तर जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आम्ही आपापली अवजारं गोळा करायला गेलो. सातव्या टीवर ऊन पडलं होतं. फांद्या आधीच बांधलेल्या होत्या.

आम्ही जवळ जाऊन गाठ पाहिली. दोन वेढे आणि वर उलटा फास.

देवाजीनं आपल्या नखांकडे पाहिलं.

"भाऊ, नऊ वाजता हे सोडाचं कसं?"