छप्पर नसलेलं देऊळ

गावी गेलो की लोक म्हणतात, हवालदारसाहेब, सीमेवरचं काहीतरी सांगा. सीमेवरचं सांगणारे पुष्कळ आहेत. मी तबुकचं सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी सौदीला आलो. तबुक शहराच्या पुढे, वाळवंटात, एका सिनेमाचा सेट उभा राहत होता. तिथे मी सिक्युरिटी सुपरवायझर. हातात बंदुकीऐवजी वॉकीटॉकी, बाकी काम ओळखीचंच. सकाळी रोल कॉल, गेटवर पोस्ट, दुपारी आणि संध्याकाळी हेड काउंट. गेटातून जितकी माणसं आत गेली तितकी धडधाकट बाहेर आली पाहिजेत. पगार त्याचाच होता आणि झोपही त्याच्यावरच अवलंबून होती.

सेट इजिप्तच्या एका जुन्या राजाच्या शहराचा होता. इतिहास मला महमूदने शिकवला. तो इजिप्तचाच, आर्ट डिपार्टमेंटचा मुख्य. रियाधला बत्ह्यात, आपल्याकडच्या मजुरांच्या वस्तीत राहून हिंदी शिकलेला.

"ये राजा बोला, पुराना भगवान सब खलास. सिर्फ सूरज," महमूद म्हणाला. राजाने जुनी देवळं बंद केली. सगळ्यात मोठा देव अमून, त्याचं नाव भिंतीभिंतीवरून छिन्नीने खरवडून काढायला माणसं पाठवली. नवं शहर वसवलं आणि सूर्यासाठी देऊळ बांधलं. त्याला छप्पर नाही. ऊन थेट आत यायला हवं ना.

मी विचारलं, "पहारेकरी कुठे उभे राहायचे?"

"धूप में." मग त्याने सांगितलं की दुसऱ्या एका राजाने पत्र पाठवून तक्रार केली होती, माझे दूत तुझ्या दरबारात उन्हात उभे राहून मरतील, याने तुला काय मिळतं? मला हसू आलं. परेड ग्राउंडवर असे बडे साहेब मीही पाहिले होते.

सेटवर मजुरांची वस्तीसुद्धा होती. मातीची घरं, पावाच्या भट्ट्या, बियरचे रांजण. घरात एकेक कोनाडा आणि त्यात जीभ बाहेर काढलेला एक बुटका देव. बाळंतिणीला आणि लेकरांना सांभाळणारा. राजाच्या स्वतःच्या शहरात, राजाच्याच मजुरांनी तो घरात ठेवला होता. फर्मान चौकापर्यंत चालतं, चुलीपर्यंत नाही.

या सगळ्या मूर्ती दिनकर म्हात्रेच्या हातच्या. पेणजवळच्या तळ्याकाठच्या गावचा, पन्नाशीचा, गणपतीच्या कारखान्यात आयुष्य गेलेला. तो बुटका देव पहिल्यांदा बनवला तेव्हा मी त्याची थट्टा केली, "दिनकरराव, हा तर तुमच्यासारखाच दिसतो."

"पोट माझं हाय, जीभ बायकोची," तो म्हणाला. कँटीनभर हशा पिकला.

अमूनची मोठी मूर्ती मात्र त्याने थट्टेवारी नेली नाही. राजाची माणसं ती फोडतात असा सीन होता. अंग प्लास्टरचं, तोंड मात्र तिथल्या पिवळ्या, कच्च्या मातीचं, म्हणजे घणाखाली नीट फुटेल. डोळे शेवटी आखले. त्या दिवशी तो उपाशी होता. मी म्हटलं, हा काय आपला देव आहे का?

"देव कोनाचा का असंना, साहेब. डोले मी आखलेत."

शूटिंग सकाळीच उरकलं. घण पडले, मूर्ती देवळाच्या चौकात कोसळली, टाळ्या झाल्या. तोंडाचे तीन तुकडे झाले, पण डोळे शाबूत राहिले. लाइटवाले त्यावरून केबल ओढत निघाले. दिनकर प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेला, तुकडे मला द्या म्हणाला. तीनला लोडर येऊन मलबा उचलेल, खलास, यल्ला, म्हणजे चला आता, असं उत्तर मिळालं.

मग तो माझ्याकडे आला. "आमच्यात खंडित मूर्ती उघडी ठेवीत नाय. पान्यात सोडायची."

"आता बारा वाजतील," मी म्हटलं. उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम बंद, असा तिथला कायदा आहे. "शेडमध्ये बसा. तीनला मी स्वतः लोडर थांबवतो."

"बरं, साहेब," तो म्हणाला आणि शेडच्या दिशेने गेला.

साडेबाराला शेडमध्ये हेड काउंट घेतला. एक कमी. पुन्हा घेतला, तरी एकच कमी. मला कळलं कोण ते.

"गेट टू, कंट्रोल. मूर्तीवाले चाचा दिखे क्या? ओव्हर."

"कंट्रोल, गेट टू. बाल्टी लेके मंदिर के अंदर गए थे. बाहर नहीं आए. ओव्हर."

"पिकअप भेजो. एसी फुल. अँब्युलन्स बुलाओ. आउट."

मी धावलो. छप्पर नसलेल्या त्या चौकात पायाखालची फरशी बुटातून भाजत होती. कोपऱ्यात प्लास्टरचे तुकडे एका जागी रचलेले होते, त्यांवर त्याचा शर्ट पसरलेला. शेजारी बादली. बादलीत तोंडाचे तुकडे आणि वीतभर पाणी. प्यायच्या पाण्याची त्याची मोठी बाटली रिकामी पडलेली. तळ्याच्या गावचा माणूस, वाळवंटात त्याला तेवढंच पाणी सापडलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. मी ओळखलं, उष्माघात. राजस्थानात असताना पाहिलेलं होतं. आम्ही त्याला गाडीत घातलं, कपडे भिजवले, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवला. पाणी घशाखाली उतरेना.

"दिनकरराव, मी कोण? सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "विरघलंना अजून," एवढंच म्हणाला.

वाटेत अँब्युलन्स भेटली. मी त्याचा हात धरून आत बसलो. तबुकच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी शर्थ केली. चारच्या सुमारास तो गेला.

परतलो तेव्हा लोडर उभा होता, ड्रायव्हर खाली बसला होता. पेण, गुहागर, बिहार, नेपाळ, सगळीकडची माणसं चौकात जमली होती. बादली तशीच होती. तोंड अर्धं विरघळलेलं, एक डोळा शिल्लक. कोणी हुकूम दिला नाही. गुहागरचा सलीम सुतार पुढे झाला आणि आपली बाटली बादलीत ओतली. मग एकेक जण आला. मीही ओतली. महमूदनेसुद्धा. पाणी पिवळं होईपर्यंत आम्ही उभे राहिलो, मग सलीमने हात घालून ढवळलं आणि काही उरलं नाही अशी मान हलवली.

त्याच्या घरी फोन मी केला. फौजेत असे निरोप दिलेले आहेत, आवाज कसा ठेवायचा ते ठाऊक आहे. म्हात्रेवहिनींना बादलीपासून हॉस्पिटलपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. मूर्तिकाराच्या घरात जन्म काढलेली बाई. मग त्यांनी विचारलं,

"साहेब, विरघलली का ती?"

"विरघळली, वहिनी. पुरी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा हंबरडा फुटला. फोन कानाला तसाच धरून मीही रडलो.