मार्लिसच्या नोंदी

मार्लिस एंगब्रेटसन विद्यापीठातून बहात्तर साली बाहेर पडली, पण ती नावापुरतीच. बॅचची चिटणीस म्हणून तिचं नाव एकदा लागलं, ते एक्कावन्न वर्षं निघालंच नाही. मिनेसोटात ऑक्टोबरातच हाडं गारठतात. पण ही बाई केकचा डबा गाडीत टाकून कुणाच्या इस्पितळात, कुणाच्या दफनाला, तर कुणाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला निघालेलीच असायची. नवरा व्हर्लिन दारातून ओरडायचा, "भाज, भाज लष्कराच्या भाकऱ्या! विद्यापीठ पेन्शन देणार आहे वाटतं?"

"तू गप रे. टायरमधली हवा बघितलीस का आधी?"

तिच्याशी बोलताना लोकांना आडपडदा म्हणून राहात नसे. घटस्फोट, कॅन्सरच्या गाठी, वाया गेलेले मुलगे, सगळं तिच्यापुढं निघायचं. घरी आली की ती विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कार्यालयाला पानभर नोंद लिहून पाठवी. तिथल्या ब्रेट नावाच्या साखरतोंड्या साहेबानं तिला सांगून ठेवलं होतं, "मार्लिस, आठवेल ते सगळं लिहा हं. दुःखाच्या वेळी आपली फुलं वेळेवर पोचायला नकोत का?" फुलं खरंच पोचत. त्याचं मार्लिसला कोण कौतुक!

यंदा तिला सेवेचं पदक जाहीर झालं. माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यातलं जेवण, आणि तिची अख्खी बॅच समोर. शेजारी अर्डिस बसली होती, वसतिगृहातल्या खोलीची जोडीदारीण. दोन तास गाडी हाकत आली होती. तीन वर्षांपूर्वी तिचा रॉजर गेला आणि तिनं तळ्याकाठचं घर विद्यापीठाला दान केलं. "तो ब्रेट आला ना," ती तेव्हा म्हणाली होती, "माझ्या मनातलं सगळं न सांगता ओळखलं त्यानं. मला वाटलं, रॉजरनंच पाठवलाय."

कुलगुरू उठले. "मार्लिस कसं काम करतात ते मी सांगत नाही, त्यांचे शब्दच ऐका," असं म्हणून त्यांनी खिशातून कागद काढला आणि मोठ्या कौतुकानं वाचू लागले. "अर्डिस एकटी पडली आहे. मूलबाळ नाही. रॉजरनं स्वतः बांधलेल्या होडीच्या धक्क्यावर तिला पाऊल टाकवत नाही. तळ्याकाठचं घर तिला खायला उठतं. वसंतात कुणी हळुवारपणे भेटून यावं." कागद घडी करत ते म्हणाले, "आणि आम्ही वसंतात गेलो. ते घर आज आपलं आहे!"

टाळ्या पडल्या. बहात्तरच्या टेबलांवर मात्र कुणी हात हलवला नाही.

पदक अडकवायला ब्रेट पुढं आला तसं मार्लिसनं त्याला हळूच विचारलं, "माझे कागद कोण कोण वाचतं?"

"देणगी विभागातले सगळे!" ब्रेट खुशीत म्हणाला. "नवीन माणसांना आम्ही तुमच्याच नोंदींवर तयार करतो."

तिला ते पदक त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. केसानं गळा कापला होता या लोकांनी अर्डिसचा, आणि त्यासाठी हात वापरला होता मार्लिसचा. एक्कावन्न वर्षं! ती माईकपुढं गेली, "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. कुलगुरूंना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या झाल्या.

जेवणानंतर अभिनंदनाला बॅचमधल्यांची रांग लागली.

"लव्हॉन, तुझ्या तपासण्यांचं काय निघालं गं?"

"छान आहे सगळं."

"ड्वेन, मुलगा आला का रे घरी?"

"मजेत आहे."

प्रत्येकानं हात मिळवला, हसून दाखवलं आणि कोटाची बटणं लावली. शेवटी अर्डिस आली. मार्लिसनं तिचे दोन्ही हात धरले. "अर्डिस, देवाशपथ, मी फुलांसाठी लिहिलं होतं गं!"

"माहीत आहे मला," अर्डिस म्हणाली आणि हात सोडवून घेतले. "मी बरी आहे, मार्लिस. एवढंच लिही."