बिनकानाचे पाच कप

आमच्या घरात स्टीलची ताटं होती आणि जपानी बश्याही होत्या. पिठलं दोन्हींत वाढलं जाई. हे एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होते, मी शाळेत शिकवत होते. लक्ष्मीपुरीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत, शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा जपानी भट्टीत भाजलेली भांडी रोज मोरीत घासली जात. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वापरायचं नसेल तर घ्यायचं कशाला, असं हे म्हणत. ते जाऊन आता अकरा महिने झाले. बश्या अजून रोजच्याच आहेत.

त्या काळी जुन्या सरदार घराण्यांतलं सामान बाजारात येत होतं. एका दुकानात, पितळी समया आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या मधे, यांना पहिली बशी दिसली. पांढऱ्यावर निळी फुलं, तांबड्या पानांना सोनेरी कड.

"चिनी मातीची आहे का?" यांनी विचारलं.

"चिन्यांचं आमी काय बी ठेवत न्हाय, पावणं," दुकानदार म्हणाला. "जपानी हाय."

पुढं बश्या वाढल्या, वाडगे आले, आणि एक दिवस लाकडी पेटीतून पाच कप आले. पाचच. सहावा दुकानदारानं फोडून लपवला असणार, अशी यांची खात्री होती. तीनदा जाऊन त्याच्याशी वाद घातला. दुकानदार पोराबाळांच्या शपथा घेऊन थकला. शेवटी ग्रंथालयातल्याच एका पुस्तकात सापडलं, की जपानात संच पाचाचाच असतो. हे चौथ्यांदा गेले, ते माफी मागायला.

त्या कपांना कान नव्हते. जपानी चहा कोमट असतो, दोन्ही हातांत धरून पितात. आपला चहा उकळता. भरलेला कप उचलला की बोटं भाजत. म्हणून मी रिकामे कप आधी समोर मांडायची आणि मग किटलीतून वरून चहा ओतायची. मला ती युक्ती वाटत होती.

माझे सासरे उचगावला राहत. मी त्यांना मामा म्हणायची. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या रानात काढली होती. छपन्न साली त्यांनी धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली आणि एकुलत्या मुलाला शिकवलं. कप आणल्यानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चटईवर बसले. मी त्यांच्यासमोर कप ठेवला आणि उभ्यानंच वरून चहा ओतला.

मामा कपाकडे बघत राहिले. मग उठले, पटका सारखा केला.

"लेका, ह्याच्यासाटनं शिकीवला व्हय तुला?" एवढंच यांना म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला काहीच कळेना. माझं माहेर शहरातलं, वडील शिक्षक. यांनी मान खाली घालून सांगितलं तेव्हा समजलं. उचगावात पाटलांच्या गोठ्याच्या भिंतीत एक कप पालथा ठेवलेला असे, कान तुटलेला. मामांनी तो स्वतः विसळून जमिनीवर ठेवायचा, आणि वाड्यातल्या बाईनं वरून, कपाला न शिवता, चहा ओतायचा. चाळीस वर्षं त्यांनी तसाच चहा प्याला होता. आता लेकाच्या घरात सुनेनं तेच केलं होतं.

मामा चार महिने फिरकले नाहीत. कप यांनी पेटीत घालून माळ्यावर टाकले. नवी बशी आणणंही थांबलं. बाप घरी चहा पीत नाही, मग शिकून नोकरीला लागल्याचा उपयोग काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे.

चूक माझ्या हातून झाली होती. एका रविवारी मी एक कप जुन्या साडीत गुंडाळला आणि एकटीच उचगावला गेले. मामांच्या हातात तो दिला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, तुटल्याची खूण शोधली.

"कान तुटला न्हाय ह्येचा?"

"नाही मामा. बनवतानाच लावत नाहीत. तिकडं सगळेच असंच पितात."

"राजं बी?"

"राजे पण."

ते बराच वेळ कप फिरवून बघत होते. "बारीक काम हाय," म्हणाले. चहा मात्र घेतला नाही. पण पुढच्या रविवारी आले.

मी कप उतरवून ठेवले होते. पाणी उकळतच होतं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उचगावचे पाटील. त्याच वाड्यातले, मामांपेक्षा वयानं लहान. मुलाच्या कॉलेज प्रवेशाचं विचारायला आले होते. मामा उठायला लागले. यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

मी चहा आतच ओतला, पाऊण कपच. प्रत्येक कप लहान बशीत ठेवून बाहेर नेला. पहिला मामांच्या हातात दिला, दुसरा पाटलांच्या.

पाटलांनी कप बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कान न्हाय की ह्येला," ते हळूच म्हणाले. त्या कपाचा अर्थ पाटलांइतका कुणाला ठाऊक असणार?

बोलले ते मामा. "तुटला न्हाय, पाटील. मुळातच न्हाय. जपानातलं राजं बी आसंच पित्यात. आसं धरा. एक हात बुडाला, एक कडंला. दोनी हात लावायचं."

पाटलांनी दुसरा हात लावला. फुंकर घातली, प्याले. "चांगला झालाय," म्हणाले, आणि मान वर न करता, "त्या कपाला लई वर्सं झाली, न्हाय?"

"झाली की," मामा म्हणाले आणि त्यांनी आपला कप तोंडाला लावला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामा कप माझ्यापुढं धरला. "पोरी, पाटलास्नी आनिक घाल. मला बी."

दोघांना एस.टी.पर्यंत सोडायला हे गेले. परत आले ते जिन्यातून मोठ्यानं शीळ घालत. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. यांना शीळ घालता येते, हे मला त्या दिवशी कळलं.